हिवाळी चाकांचे सेन्सर आणि पीव्हीसी पाइपाचा जीवघेणा जुगाड

भाच्याने ड्रिल मशीन मागितलं. कशाला रे, विचारलं तर त्याने एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, 'मावशी, हे करून बघतोय'. हा फॉरवर्ड इथे अमेरिकेत, मिनेसोटातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर थंडी पडायला लागली की फिरतो, मी आजवर बघून सोडून देत होते, कोण प्रत्येकाशी वाद घालत बसणार. पण हा पोरगा नुकताच डुलूथला नोकरीला आलाय, पहिलाच हिवाळा, सेकंडहँड हॅचबॅक घेतलीय आणि मागच्या सीटवर तान्ही मुलगी असते. त्यामुळे आता गप्प बसणार नाही. ज्यांनी ज्यांनी तो पुढे ढकललाय त्यांनी हेही ढकला.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इकडे बरेच जण चाकांचे दोन सेट ठेवतात, उन्हाळी आणि हिवाळी, रिमसकट. बऱ्याच गाड्यांसोबत आलेल्या चाकांमध्ये व्हॉल्व्हच्या मागे आत एक छोटा सेन्सर असतो, तो हवेचं प्रेशर मोजून रेडिओने गाडीला कळवतो. हिवाळी सेटला असे चार सेन्सर वेगळे घ्यावे लागतात, नाही घेतले तर डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा. फॉरवर्ड म्हणतो की ही टायरवाल्यांची लूट आहे, थंडीत तो दिवा असाही खोटाच लागतो, कायदा वगैरे काही नाही, सेन्सरची बॅटरी दोन वर्षांत मरते आणि प्रत्येक सीझनला प्रोग्रॅमिंगचे पैसे, त्यापेक्षा नायट्रोजन भरा. आणि दिवा डोळ्यांत खुपत असेल तर चार सेन्सर पीव्हीसी पाइपात घाला, दोन्ही टोकं झाकणं चिकटवून बंद करा, एका झाकणाला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवा, ३५ पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचावर ३५ पौंड दाब) हवा भरा आणि पाइप डिकीत टाका. गाडीला वाटतं चारही चाकं ठणठणीत!

आधी या पाइपाचंच बघू, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर पैसे जातील, याने माणूस जाईल.

पीव्हीसी पाइप पाण्यासाठी असतो. त्यावर जे प्रेशर छापलेलं असतं ते पाण्याचं. पाण्याची लाइन फुटली तर तडा जातो, पाणी उडतं, प्रेशर लगेच उतरतं. दाबलेली हवा तशी उतरत नाही, ती एकदम प्रसरण पावते आणि पाइपाचे तुकडे होऊन धारदार कपच्यांसारखे उडतात. अमेरिकेतली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था ओशा, तिने कारखान्यांना उघड्यावरच्या पीव्हीसी पाइपातून कॉम्प्रेस्ड हवा नेऊ नका अशी सूचना फार पूर्वीच दिलेली आहे, ती नेमकी याच कारणासाठी. त्यात पीव्हीसी थंडीत ठिसूळ होतो, आणि डुलूथची थंडी काय असते हे मी सांगायला नको. आता हिशोब करा. ४ इंची पाइपाच्या झाकणाचं क्षेत्रफळ साधारण साडेबारा चौरस इंच. प्रत्येक चौरस इंचावर ३५ पौंड. म्हणजे ते एक झाकण आतून जवळजवळ २०० किलोच्या जोराने बाहेर ढकललं जातंय, रात्रंदिवस, आणि धरून कशाने ठेवलंय तर घरी लावलेल्या सोल्युशनने. हॅचबॅकमध्ये डिकी आणि मागची सीट यांच्यात भिंत नसते. पाइपाच्या हातभर पुढे बाळाची सीट. बर्फात कोणी मागून ठोकलं तर काय होईल याचा विचार हे लिहिणाऱ्याने केला असेल का? मला नाही वाटत.

बरं, समजा पाइप फुटला नाही. तरी हा उपाय काय करतो? चाकात खिळा घुसलाय, प्रेशर १८ वर आलंय, आणि डॅशबोर्ड सांगतोय सगळं छान, कारण त्याला पाइपातली हवा दिसतेय. ताप आलेल्या पोराचा थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरला म्हणण्यातला हा प्रकार आहे. दिवा पेटलेला असेल तर निदान तुम्हाला माहीत असतं की गाडी टायरवर लक्ष ठेवत नाहीये, ते आपल्याला बघायचंय. पाइपाने तीही जाग घालवली. आणि ज्याला पाइपाचं माहीत नाही अशा माणसाने गाडी चालवायला घेतली, बायकोने, मित्राने, किंवा पुढे गाडी विकली तर विकत घेणाऱ्याने, त्याची तर शुद्ध फसवणूक.

आणि सगळ्यात संताप येतो तो यावर की पैसेही वाचत नाहीत! मूळ सेन्सर उन्हाळी चाकांच्या आत आहेत. पाइपात घालायला चार सेन्सर आणणार कुठून? एक तर उन्हाळी टायर रिमवरून उतरवून काढायचे, म्हणजे उन्हाळ्यातही तुम्ही सेन्सरविना. नाहीतर नवीन चार विकत घ्यायचे. अरे मग विकत घेतलेच आहेत तर चाकात का नाही बसवत? शिवाय बऱ्याच सेन्सरमध्ये हालचाल ओळखणारा भाग असतो, चाक फिरेना की सेन्सर झोपतो आणि सिग्नल क्वचितच पाठवतो, त्यामुळे अनेक गाड्यांत पाइप करूनही थोड्या वेळाने दिवा येतोच.

आता 'थंडीत दिवा खोटा लागतो'. हा मुद्दा लोकांना पटतो कारण अनुभवाशी जुळतो. पहिल्या कडाक्याच्या सकाळी दिवा लागतो, वीसेक मिनिटं गाडी चालवली की जातो, पंक्चर तर कुठेच नसतं, मग माणूस म्हणतो सेन्सर येडा आहे. पंक्चर नसतं एवढं खरं, मान्य. पण प्रेशर खरोखरच कमी असतं. हवा गार झाली की दाब उतरतो, दर १० अंश फॅरेनहाइटला साधारण १ पीएसआय. उबदार गॅरेजमध्ये २१ सेल्सियसला तुम्ही ३५ भरलेत आणि बाहेर उणे २३ आहे, तर सकाळी तेच टायर २७-२८ दाखवणार. गाडीच्या दाराच्या चौकटीवर जे प्रेशर लिहिलेलं असतं ते थंड टायरचं असतं, म्हणजे त्या सकाळचं, गॅरेजमधलं नाही. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे दिवा लागणं बंधनकारक कधी होतं, तर प्रेशर त्या लिहिलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के खाली गेल्यावर. ३५ चे २६ झाल्यावर! वरच्या टायरमध्ये आधीच दोनेक पीएसआय कमी असतील तर थंडीने तिथवर पोचतो. म्हणजे दिवा घाई करत नाही, उलट बराच वेळ थांबून मग लागतो. तो लागलेला दिसला की हवा भरायची, त्याला खोटं ठरवायचं नाही. आपल्याकडे पंपावरचा पोरगा पाइप लावून हवा भरून देतो, आणि पुण्या-मुंबईत सात-आठ पीएसआय नुसत्या थंडीने जातात असं कधी होत नाही, त्यामुळे नवीन आलेल्यांना हे पटत नाही हे मी समजू शकते. पण इथे राहून हेच फॉरवर्ड करणाऱ्यांना काय म्हणावं.

दिवा स्थिर लागतो आणि दिवा आधी लुकलुकतो यातही फरक आहे, तो फॉरवर्डवाल्याला माहीतच नाही. गाडी चालू केल्यावर दिवा मिनिटभर ते दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला तर सिस्टीमलाच सेन्सर सापडत नाहीये. सरळ स्थिर लागला तर हवा कमी.

'कायदा वगैरे काही नाही'. इथे अर्धं सत्य आहे आणि तेच जास्त घातक, म्हणून नीट वाचा. कॅनडात ही सिस्टीम गाडीत असणं बंधनकारक नाही, क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत पण ती सक्ती टायरची, सेन्सरची नाही. तिथल्या कोणीतरी हे लिहिलं असणार आणि ते जसंच्या तसं सीमेच्या खाली आलं. अमेरिकेत १ सप्टेंबर २००७ पासून बनलेल्या प्रत्येक हलक्या गाडीत ती सक्तीची आहे. याचं मूळ २००० सालच्या ट्रेड (TREAD) नावाच्या वाहनसुरक्षेच्या कायद्यात आहे, फोर्ड एक्सप्लोररवरच्या फायरस्टोन टायरांचे थर सुटून गाड्या उलटल्या, सरकारी मोजणीप्रमाणे २७१ माणसं गेली, त्या प्रकरणावरून अमेरिकी संसदेने तो केला. तेव्हा हा टायरवाल्यांनी विक्रीसाठी काढलेला धंदा नाही.

मालकाने स्वतःच्या घरासमोर, स्वतःच्या हाताने सेन्सर नसलेली चाकं लावली तर त्या केंद्रीय कायद्यात त्याला मनाई नाही, हे खरं. पण दुकानाला आहे. चालू असलेली सुरक्षा यंत्रणा जाणूनबुजून निकामी करायला डीलर आणि दुरुस्तीवाले यांना बंदी आहे, आणि २०११ मध्ये टायर उद्योगाच्या संघटनेने नेमका हाच प्रश्न विचारला होता की गिऱ्हाईक दुसरी चाकं घेऊन आलं आणि सेन्सर नको म्हणालं तर काय करायचं. रस्ता सुरक्षेची संस्था एनएचटीएसए, तिने लेखी उत्तर दिलं: गाडी दुकानात आली तेव्हा सिस्टीम चालू होती तर एक तर ती चाकं बसवायला नकार द्या, किंवा जुने सेन्सर जुळत असतील तर तेच त्यात घाला, किंवा गिऱ्हाइकाला नवे घ्यायला राजी करा आणि ते चालताहेत याची खात्री करा. सेन्सर आधीच मेलेला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे काउंटरवरचा माणूस 'सेन्सरशिवाय बसवणार नाही' म्हणतो तेव्हा तो तुम्हाला लुटत नसतो, त्याच्यावर कायद्याचं बंधन आहे. त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही.

बॅटरी दोन वर्षांत मरते हे साफ चूक. साधारण ५ ते १० वर्षं चालते. ती बदलता येत नाही, सेन्सरच बदलावा लागतो, ही खरी अडचण आहे. पण हिवाळी सेट वर्षातले चार-पाच महिने फिरतो, उरलेला वेळ सेन्सर झोपलेला असतो.

प्रोग्रॅमिंगचं मात्र मान्य करावं लागेल, कुरकुरत का होईना. काही गाड्या नवीन सेन्सर थोडं चालवल्यावर आपोआप ओळखतात, काहींना दुकानातलं टूल लावून शिकवावं लागतं, आणि काही टोयोटांमध्ये सेन्सरचे नंबर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये घातल्याशिवाय चालत नाही, तिथे प्रत्येक सीझनला पैसे घेणारी दुकानं आहेतच. पण त्याला सरळ उपाय आहे. क्लोन सेन्सर मागा. दुकानदार उन्हाळी सेन्सरचे नंबर वाचून तेच नंबर नव्या सेन्सरमध्ये घालतो, गाडीला चाकं बदललेली कळतच नाहीत, प्रोग्रॅमिंग एकदाच. काही टोयोटा आणि लेक्ससमध्ये दोन सेट साठवून एकातून दुसऱ्यावर जायची सोयही असते, मॅन्युअल उघडून बघा.

आणि मॅन्युअल उघडलंच आहे तर आधी हे बघा की तुमच्या गाडीच्या चाकांत सेन्सर आहेत तरी का. २०१६ पासूनच्या बहुतेक होंडा सिव्हिक, २०१४ ते २०१८ मधली माझ्दा ३ अशा गाड्या एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) मोजते त्या चाकांच्या वेगावरून अंदाज बांधतात, कमी हवेचं चाक किंचित जास्त फिरतं त्यावरून. त्यांना काहीच विकत घ्यायचं नाही, चाकं बदलून हवा भरली की रिसेट करायचं, बस.

नायट्रोजनबद्दल एवढंच की साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत तोही तितकाच आकसतो.

ज्यांना यंदा खरंच परवडत नाही, नवीन आलात, डिपॉझिट, फर्निचर, जॅकेटं, सगळे खर्च एकदम आलेत, त्यांनी हिवाळी टायर आधी घ्यावेत, सेन्सर पुढच्या वर्षी. चाकं घरी लावता येत असतील तर लावा आणि पिवळा दिवा पेटलेला राहू द्या. वर काळी पट्टी चिकटवू नका. दहा-बारा डॉलरचं गेज घ्या, महिन्यातून दोनदा आणि पारा एकदम पडला की, सकाळी गाडी हलवायच्या आधी, चारही चाकं आणि असेल तर स्टेपनीही तपासा. बोटं गारठतात, पण दोन मिनिटांचं काम आहे.

सेन्सर घेणार असाल तर बिल करायच्या आधी फ्रीक्वेन्सी जुळतेय का विचारा. इकडे बऱ्याच गाड्या ३१५ मेगाहर्ट्झवर आहेत, काही ४३३ वर, आणि ऑनलाइन स्वस्तात मिळालेला चुकीचा सेट गाडीला कधीच ऐकू येणार नाही. शक्य असेल तर रबरी व्हॉल्व्हचे घ्या. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर रस्त्यावरचं मीठ बसून पांढरी पूड धरते, आणि त्यावर कोणी दिसायला छान म्हणून पितळी टोपण लावलं तर दोन धातू एकमेकांना धरून बसतात, टोपण फिरवायला जावं तर अख्खा व्हॉल्व्हच तुटून हातात येतो आणि चाक जागेवर बसतं. टोपण प्लॅस्टिकचं लावा, आणि व्हॉल्व्हच्या आतली पिन निकेल चढवलेलीच घाला म्हणून दुकानात सांगा.