एडीएचडीची गोळी मोडू नका, खर्चाचं डॉक्टरांशी बोला

‘एडीएचडीच्या महागड्या गोळ्यांवर निम्मे पैसे वाचवा’ असा एक मेसेज सध्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. एडीएचडी म्हणजे मुलाचं लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा. माझ्या धाकट्या बहिणीलाही तो आला. तिचा मुलगा पाचवीत आहे, त्याला गोळी चालू आहे. तिने मला फोन करून विचारलं, "ताई, अर्धी करून दिली तर चालेल ना?" मी औषधाच्या दुकानात काम करते म्हणून तिने निदान विचारलं तरी. विचारायला घरात कोणीच नसेल ती आई सरळ सुरी घेईल. म्हणून हे लिहायला बसले.

मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हाच: ‘लांब चालणारी गोळी घ्या, दोन तुकडे करा, महिन्याचं औषध दोन महिने पुरेल.’

अजिबात करू नका. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं नेहमीचं औषध दोन प्रकारात येतं. साध्या गोळीचा असर साधारण तीन-चार तास राहतो. लाँग-ॲक्टिंग गोळीचा आठ ते बारा तास, कारण तिच्यात जवळजवळ दिवसभराचं औषध भरलेलं असतं आणि ते हळूहळू सुटेल अशी तिची बांधणी असते. ती कापली, कुटली किंवा चावली की बांधणीच मोडते आणि बरंचसं औषध एकदम अंगात जातं. सकाळी छातीत धडधड, भूक गायब, चिडचिड. दुपारच्या तासाला असर संपलेला. मग शाळेतून तक्रार येते, घरचे म्हणतात औषध लागू पडत नाही, आणि डॉक्टरांना तुकड्यांचं ठाऊकच नसेल तर ते डोस वाढवतात. वाचले कुठे पैसे? ॲटोमॉक्सेटिन या एडीएचडीच्या दुसऱ्या औषधाची कॅप्सूल उघडून पावडर वाटून द्या, असंही त्यात लिहिलंय. ती पावडर डोळ्यांना झोंबते. कॅप्सूल उघडायची नाही, अख्खी गिळायची, हे तिच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं.

लाँग-ॲक्टिंग परवडत नसेल तर त्याला सरळ उपाय आहे, पण तो डॉक्टरांच्या हातात आहे. साधी गोळी सहसा स्वस्त पडते, ती दिवसातून दोन-तीनदा विभागून देता येते. अडचण दुपारच्या डोसची. शाळेत तो देणार कोण? डॉक्टरांनी शाळेच्या नावाने दोन ओळींची चिठ्ठी दिली तर पुष्कळ शाळा तयार होतात. शिवाय 10 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांऐवजी 20 ची एक घेतली तर पुष्कळदा कमी पैसे पडतात. हा हिशेब डॉक्टर चिठ्ठी लिहितानाच करू शकतात.

पुढचा मुद्दा वाचून तर मी कपाळावर हात मारला. ‘गोळी शौचातून जशीच्या तशी बाहेर पडते, म्हणजे कंपनी फसवते.’ लाँग-ॲक्टिंगमधल्या एका प्रकाराचं कवच कडक असतं, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक असतं आणि त्यातून औषध दिवसभर झिरपतं. कवच विरघळतच नाही. बाहेर पडतं ते रिकामं टरफल. औषध तोवर पोटात गेलेलं असतं.

‘शनिवार-रविवार आणि सुट्टीत बंद ठेवा.’ यात थोडं तथ्य आहे, हे मला मान्य करावंच लागेल. मेथिलफेनिडेटला काही मुलांच्या बाबतीत डॉक्टर स्वतः सुट्टी देतात, विशेषतः भूक आणि वजन कमी होत असेल तेव्हा. पण मेसेजमध्ये सगळी औषधं एकाच माळेत ओवली आहेत. ॲटोमॉक्सेटिनचा पूर्ण असर दिसायलाच काही आठवडे लागतात, ते रोजच घ्यावं लागतं. आणि एडीएचडीत काही मुलांना देतात ते क्लोनिडिन अचानक तोडलं तर रक्तदाब एकदम उसळू शकतो. आमच्या काउंटरवर ‘या महिन्यात राहू दे’ असं सहज म्हणणारे पालक येतात. क्लोनिडिनच्या बाबतीत तसं कधीच म्हणू नका. ते थांबवायचं तर डॉक्टर सांगतील तसं, टप्प्याटप्प्याने.

‘डॉक्टरांशी पैशांचं बोलू नका, ते महागडा ब्रँडच लिहितात.’ दुसरा अर्धा भाग खोटा आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. शक्य तिथे जेनेरिक नावाने, म्हणजे ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने लिहावं, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेत 2002 पासून आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये ते सक्तीचं झालं आणि त्याच महिन्यात तो नियम स्थगित झाला. चिठ्ठ्या रोज माझ्या हातातून जातात आणि बहुतेकींवर ब्रँडच असतो. पण म्हणून गप्प बसायचं? उलट स्पष्ट विचारा: याच औषधाची स्वस्त कंपनी कोणती? साधी गोळी चालेल का? मूल स्थिर असेल तर तपासणी किती दिवसांनी? फी, प्रवास आणि बुडालेला रोज मिळून कित्येकदा गोळीपेक्षा जास्त खर्च होतो. डॉक्टरांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे: ‘महिन्याला किती जमेल?’ हा प्रश्न तुम्ही आधी विचारा. पालक लाजतात, हो-हो म्हणतात, आणि नंतर आमच्याकडे येऊन ‘दहाच गोळ्या द्या’ म्हणतात.

‘हा श्रीमंतांचा आजार, सरकार यात काही देत नाही.’ साफ खोटं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये ज्या 30 तक्रारी शोधायच्या, त्यांच्या यादीत एडीएचडी नाव घेऊन आहे. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणारं पथक मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवतं आणि तिथली सेवा मोफत असते. खासगी डॉक्टरांनी नीट रेफरल लिहून दिलं तर पालकांच्या किती खेपा वाचतील! मुलाला ऑटिझमही असेल तर ‘निरामय’ विमा योजनेत 1 लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात ओपीडीचा खर्चही धरतात. त्यासाठी लागणाऱ्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची वाट डॉक्टरांनीच दाखवायला हवी. कुठे जायचं हेच कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे.

‘एकदा लागली की जन्मभर.’ उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची एडीएचडीवरची 2018 ची मार्गदर्शक सूचना जगभर वापरली जाते. औषध चालू ठेवायची गरज आहे का, याचा वर्षातून किमान एकदा तज्ज्ञाने आढावा घ्यावा, असं तिच्यात स्पष्ट आहे. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तर ती आधी पालकांचं प्रशिक्षण सांगते. यंदाचा आढावा झाला नसेल तर तो मागून घ्या. गरज नसलेली गोळी थांबली तर तो खर्चही थांबतो.

राहिलं ‘ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय स्वस्तात घ्या’. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. दुकानाला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक आम्हाला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय जो देतो, तो काय देतोय याची खात्री तुम्हाला कोणीही देऊ शकत नाही. आणि डॉक्टरांनो, ती दुसरी प्रत द्यायला विसरू नका. तिच्यावाचून आम्हाला पालकांना रिकाम्या हाती परत पाठवावं लागतं.