ग्रँड ज्युरीने आरोप ठेवले, म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही

अमेरिकेतल्या कुठल्याही गाजलेल्या खटल्याची बातमी आली की व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड फिरतो: ‘तिथे ग्रँड ज्युरीने आरोप ठेवले म्हणजे गुन्हा सिद्ध झालाच. पोलिसांनी मिरांडा हक्क (गप्प राहण्याचा आणि वकील मिळण्याचा हक्क) सांगितले नाहीत तर मात्र आरोपी सुटतो. दिवाणी दावा हरला तरी तो गुन्हेगारच. आणि निर्दोष सुटला, तर सरकार अपिलात जातं.’ चार वाक्यं आहेत, एकही धड नाही.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्याने घातलाय. ग्रँड ज्युरी खटला चालवतच नाही. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या पातळीवर तिच्यात 16 ते 23 नागरिक असतात. त्यातल्या 12 जणांनी हो म्हटलं की आरोप ठेवले जातात. कामकाज बंद दाराआड चालतं. न्यायाधीश तिथे बसत नाही, आरोपीच्या वकिलाला आत प्रवेश नाही, उलटतपासणी नाही. सरकारी वकील आपली बाजू मांडतो आणि खटला भरण्याजोगा पुरावा आहे का, एवढंच ठरतं. न्यू यॉर्कचे एकेकाळचे मुख्य न्यायाधीश सोल वॉक्टलर म्हणालेच होते, की सरकारी वकिलाने मनात आणलं तर ग्रँड ज्युरी हॅम सँडविचवरही आरोप ठेवेल.

ट्रम्प यांचंच बघा. मॅनहॅटनमधल्या ग्रँड ज्युरीने मार्च 2023 मध्ये आरोप ठेवले. 34 आरोपांत ते दोषी ठरले 30 मे 2024 ला, आणि तो निकाल दिला 12 जणांच्या वेगळ्याच ज्युरीने, दोन्ही बाजू ऐकून, एकमताने. मधले चौदा महिने त्या प्रकरणात ते कायद्याच्या लेखी निर्दोषच होते. अर्थात, बहुतेक आरोपी या दुसऱ्या ज्युरीपर्यंत पोचतच नाहीत. सरकारी वकिलाशी तडजोड करून गुन्हा कबूल करतात. सिनेमात हे फारसं दिसत नाही.

मिरांडाचं उत्तर खुद्द मिरांडाच आहे. 1966 मध्ये सुप्रीम कोर्टाने अर्नेस्टो मिरांडाचा हक्क न सांगता घेतलेला कबुलीजबाब बाद केला, खटला नव्हे. ॲरिझोनात तो पुन्हा उभा राहिला आणि 1967 मध्ये कबुलीजबाबाशिवायही दोषी ठरला.

दिवाणी दाव्यात तुरुंगवासाची शिक्षा नसते, भरपाई असते, आणि पुराव्याची पट्टीही खाली असते. अमेरिकन फुटबॉलचा माजी खेळाडू ओ. जे. सिम्पसन माजी पत्नी आणि तिच्या मित्राच्या खुनाच्या आरोपातून ऑक्टोबर 1995 मध्ये सुटला, कारण फौजदारीत वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. त्याच मृत्यूंसाठी 1997 मध्ये दिवाणी ज्युरीने त्याला जबाबदार धरलं आणि भरपाईची रक्कम 3 कोटी 35 लाख डॉलर झाली. तिथे पारडं थोडं झुकलं तरी पुरतं. त्या निकालाने तो खुनी ठरला नाही, देणेकरी ठरला.

अपिलाची समजूत बहुधा आपल्याकडून तिकडे गेली असावी. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं, पण सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जन्मठेप झाली. अमेरिकेत गंभीर फौजदारी गुन्ह्यात 8–1 हा निकालच धरला जात नाही, एकमत लागतं. मात्र ज्युरीने एकमताने सोडलं की न्यायाधीश तो निकाल फिरवू शकत नाही आणि सरकारला अपीलही नाही. एक वाट उरते: राज्य आणि फेडरल सरकार कायद्याने वेगळी मानली जातात. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला मारहाण करणाऱ्या पोलिसांना कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने 1992 मध्ये शिक्षा केली नाही. 1993 मध्ये त्यातल्या दोघांना फेडरल कोर्टात दोषी ठरवलं गेलं. ते अपील नव्हतं, नवा खटला होता, वेगळ्या कायद्याखाली.