टिक साइज वाढवून छोट्या गुंतवणूकदाराला खरंच लुटलं का?

एनएसई या शेअर बाजाराने 15 एप्रिल 2025 पासून महाग शेअरांचा टिक साइज, म्हणजे भाव कमीत कमी कितीने हलू शकतो ते अंतर, वाढवला, तेव्हापासून एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यात तीन दावे आहेत: टिक ही छुपी फी आहे, ती वाढवून छोट्या गुंतवणूकदाराला लुटलं, आणि सगळ्या शेअरांना एक पैशाचा टिक दिला तर लिक्विडिटी, म्हणजे भाव फारसा न हलता सहज खरेदी-विक्री होण्याची सोय, आपोआप वाढेल. याचं उत्तर द्यायलाच हवं, कारण हे वाचून लोक नको तिथे घाबरतात आणि नुकसान खरं कुठे होतं तिकडे बघत नाहीत.

"छुपी फी." टिक हे फक्त भावांमधलं अंतर आहे. ते कोणाच्या खात्यात जमा होत नाही. खर्च होतो तो स्प्रेडचा, म्हणजे बिड (खरेदीदाराचा सर्वांत चढा भाव) आणि ऑफर (विक्रेत्याचा सर्वांत कमी भाव) यांतल्या फरकाचा. मार्केट ऑर्डर टाकून मिळेल त्या भावाला लगेच सौदा करणारा तो मोजतो, लिमिट ऑर्डरने आपला भाव लावून थांबलेल्याला तो मिळतो. थांबणारे तुम्हीही असू शकता. टिकचा संबंध एवढाच की स्प्रेड त्याच्याखाली जात नाही.

"छोट्याला लुटलं." इथे पैसे नव्हे, टक्के मोजा. आता 1,000 रुपयांच्या वर टिक 10 पैसे आहे, 5,000 च्या वर 50 पैसे, 10,000 च्या वर 1 रुपया आणि 20,000 च्या वर 5 रुपये. पाच रुपये ऐकून धस्स होतं खरं, पण 20,000 च्या शेअरवर ते 0.025 टक्के झाले आणि एमआरएफसारखा शेअर लाखावर असेल तर 0.005. शेअर खात्यात घेण्याच्या, म्हणजे डिलिव्हरीच्या, सौद्यावर नुसता एसटीटी हा सरकारी करच 0.1 टक्के लागतो.

आता स्वस्त शेअर बघा. एप्रिल 2024 मध्ये व्होडाफोन आयडियाचा एफपीओ (आधीच बाजारात असलेल्या कंपनीची नवी शेअरविक्री) 11 रुपयांना आला. तेव्हा एनएसईवर टिक होता 5 पैसे, म्हणजे त्या भावाला जवळपास 0.45 टक्के. प्रचंड उलाढालीच्या या शेअरचाही स्प्रेड त्याखाली येऊ शकत नव्हता. 10 जून 2024 पासून 250 रुपयांखालच्या शेअरांचा टिक एक पैसा झाला, आणि छोट्या माणसाचं खरं भलं त्या दिवशी झालं. व्हॉट्सॲपवरच्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. दोन रुपयांच्या शेअरवर मात्र तो एक पैसासुद्धा आजही अर्धा टक्का होतो. टिकचा भार बघायचाच तर तो इथे बघा.

"सगळीकडे एक पैसा." एक्स्चेंजवर कोणाची ऑर्डर पुढे हे ठरवताना आधी भाव बघतात, मग वेळ. लाखाच्या शेअरमध्ये मी 1,00,000 ला खरेदी लावली आणि कोणाच्या अल्गोने (आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या संगणक प्रोग्रामने) एक पैसा वाढवून लावली, की तो माझ्या पुढे. एका पैशात रांग मोडता येत असेल तर मोठी ऑर्डर उघडी ठेवायला कोण धजेल? मग दहा भावांवर दोन-दोन शेअर विखुरलेले दिसतात. अमेरिकेत डॉलरच्या आठव्या हिश्शाचा टिक 1997 मध्ये सोळाव्यावर आणि 2001 मध्ये एका सेंटवर आला. स्प्रेड घटला, किरकोळ ग्राहकाचा फायदा झाला, पण सर्वोत्तम भावाला मिळणाऱ्या शेअरांची संख्याही घटली आणि मोठ्या फंडांना ऑर्डरी तुकड्या-तुकड्यांत टाकाव्या लागल्या. फंडांतला पैसाही तुमच्या-माझ्या एसआयपीचाच असतो.

अर्थात, टिक वाढवला की लिक्विडिटी वाढते हेही खरं नाही. अमेरिकेच्या एसईसी या बाजार नियामकाने 2016 ते 2018 या काळात सुमारे 1,200 छोट्या कंपन्यांचा टिक एका सेंटवरून 5 सेंटवर नेऊन पाहिला. प्रत्येक भावावरची शेअरांची संख्या वाढली, पण स्प्रेडही रुंदावला आणि लहान ऑर्डरी महागल्या. तिथे 5 डॉलरच्या शेअरवर टिक एक टक्का पडत होता. आपल्या महाग शेअरांवरचा टिक त्याच्या चाळीसाव्या हिश्शाच्या वर जात नाही. उद्या 15 रुपयांच्या शेअरवर पुन्हा 5 पैशांचा टिक आला, तर त्याला विरोध करणाऱ्यांत मी असेन.