चौदाव्या दिवशी कोण येतं?

नाशिकच्या आमच्या जुन्या कॉलनीच्या ग्रुपवर एका ताईंनी साधी सूचना केली. जोडीदार गेलेल्या ज्येष्ठांसोबत आठवड्यातून एकदा विरंगुळा केंद्रात पाळीव कुत्रा घेऊन बसावं. उत्तरं आली, "माणसं संपली का?", "परदेशी थेरं." मग गाडी भटक्या कुत्र्यांवर घसरली. दत्ताच्या पायाशी चार कुत्री पुजणाऱ्या आपल्याला कुत्रं परकं कधीपासून झालं?

मी राहतो त्या इंग्लंडमध्ये पेट्स ॲज थेरपी ही संस्था १९८३ पासून हेच काम करते. मंगळवारी हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांच्या शुश्रूषा केंद्रात, कुत्रा आला तर कुणी मान वर करून बघत नाही. हा उपचार असल्याचा दावाही नाही. हाताला काही करायला मिळतं, नजर कुत्र्यावर राहते आणि समोरच्याच्या डोळ्यांत न बघता बोलता येतं.

भटक्या कुत्र्यांचा इथे संबंधच नाही. कुत्रा किमान नऊ महिन्यांचा हवा आणि सहा महिने तरी त्याच घरात राहिलेला. रेबीजची लस वेळेवर, जंताचं औषध, गोचीड तपासलेले, नखं घासलेली. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी फाटते. काठी धाडकन पडली तरी कुत्रा सावरला पाहिजे, कान-पंजे धरू दिले पाहिजेत, खाऊ हिसकावता कामा नये.

सहा-आठ माणसं, एक कुत्रा, फार तर चाळीस मिनिटं. आधी विचारायचं, मग त्याला खुर्चीच्या बाजूला बसवायचं, समोर नाही. डोक्यावरून हात नको, छातीवरून फिरवावा. ज्यांना भीती वाटते त्यांची खुर्ची दाराजवळ. कुत्रा ओठ चाटू लागला, उगाच जांभया देऊ लागला, डोळ्याची पांढरी कड दिसली, की त्याला बाहेर न्यायचं. मग दहाच मिनिटं झालेली असोत.

बिघडतं ते बहुधा मायेपोटी. आजी पदरातून बेदाणे काढतात, आजोबा द्राक्षं. नाशिकला हे आवर्जून सांगायला हवं: द्राक्ष, मनुका, बेदाणा यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दुसरी चूक मालकाची, तो फार बोलतो. तिसरी, कार्यक्रम एकदम बंद करणं. माणूस गमावलेल्याला तो आणखी एक वियोग. किती आठवडे येणार ते पहिल्याच दिवशी सांगावं. आणि कुणी जगणं नको म्हणालं, तर ते कुत्र्याचंही काम नाही, मालकाचंही नाही. लगेच घरच्यांना कळवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून द्या, माणसाला एकटं सोडू नका.

"आपल्याकडे माणसं आहेत" हे मला मान्य आहे. रामकुंडावर दहाव्याला कावळा शिवेपर्यंत सगळा गोतावळा उभा असतो. इथे इंग्लंडमध्ये दारातून सांत्वनाचं कार्ड सरकवतात, अंत्यविधीची वेळ दोन-तीन आठवड्यांनी मिळते. तेरा दिवसांत आपण यांच्यापेक्षा कितीतरी पुढे आहोत, आणि तिथला कमीपणा मी इथे कुणाला ऐकवू देणार नाही.

पण चौदाव्या दिवशी? ते घर रिकामं करणाऱ्यांत आम्ही परदेशातलेच पहिले. परतीचं तिकीट येतानाच काढलेलं असतं. रिकाम्या खुर्चीशेजारी आम्ही बसत नाही, म्हणून तिथे कुणी बसणार असेल तर त्याची चेष्टा सहन होत नाही. माझ्या रागाचं मूळ तिथे आहे. नाशिकवर बोलायचा माझा हक्क किती उरला, हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही. मी मात्र रोज विचारतो.

ताई, सकाळी साडेसातला सुरू करा. सतरंजी आणि पाण्याचं भांडं हॉलमध्येच ठेवा. एप्रिल लागला की अंगणातल्या फरशीवर आधी तळहाताची मागची बाजू टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसेल.