सन्माननीय «सभासदाचे_नाव» यांस

सांगलीतल्या एखाद्या पतसंस्थेत तुम्ही क्लार्क असाल, तर ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकायची असते हे तुम्हाला सांगायला नको. यंदा मात्र चेअरमनसाहेबांना नवीन सुचलंय : नोटीस ईमेलनं, आणि प्रत्येकाला त्याच्या नावानिशी. "सभासदाला आपुलकी वाटली पाहिजे." घाबरू नका. आपुलकी वर्डच्या 'मेलिंग्ज' टॅबमध्ये तयार मिळते. मेल मर्ज म्हणजे मजकूर एकच, नावं यादीतून आपोआप. 'स्टार्ट मेल मर्ज' दाबा, 'ई-मेल मेसेजेस' निवडा.

यादी नवी करायच्या भानगडीत पडू नका. आधीच्या क्लार्कनं ठेवलेली 'फायनल_नवीन_२' ही एक्सेल फाईल आहे की. वर्डला पहिल्या ओळीत रकान्यांची नावं लागतात आणि तुमच्या फाईलीत तिथं '॥ श्री गजानन प्रसन्न ॥' आहे. असू द्या. सांगलीत राहून गणपतीचं नाव कोण पुसणार? बाकीच्या रकान्यांना वर्ड एफ२, एफ३ असं काहीतरी म्हणेल, ते अंदाजानं घाला. रकान्यांची खरी नावं दुसऱ्या ओळीत असल्यानं पहिली नोटीस 'सभासदाचे नाव' याच नावाच्या गृहस्थांना निघेल, तेवढं चालतं.

नावांच्या रकान्यात कुणाच्या आधी 'सौ.' असेल, कुणापुढं 'मयत, मुलगा येतो' अशी नोंद असेल, काहींच्या आधी 'कै.'. हात लावू नका, जुन्या माणसांनी विचार करूनच लिहिलं असणार. "सन्माननीय कै. पाटील अण्णा, आपण सभेस जातीनं उपस्थित राहावं" हे वाचून मुलाचा फोन येईल. तो रागावणार नाही. लाभांश कुणाच्या खात्यावर जमा केला, एवढंच विचारेल.

साहेब म्हणाले असतीलच, "जाता जाता थकबाकीपण कळवून टाका." त्याआधी आडनावं ओळीनं लावून घ्या, फक्त तो एक रकाना निवडून. एक्सेल विचारेल, शेजारचे रकानेही सोबत हलवू का? नको म्हणा. शेजाऱ्यांच्या भानगडीत आपण कशाला पडायचं? आता नावं हलली, कर्जं जागेवर. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याला व्याह्याची थकबाकी कळेल, व्याह्याला त्याच्या जामीनदाराची, आणि संध्याकाळपर्यंत विश्रामबागपासून मिरजेपर्यंत सगळ्यांना सगळ्यांची. पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच. रकमेतले स्वल्पविराम वर्डमध्ये येताना गळतात, म्हणून १,२५,००० चे १२५००० होतात. लोक शून्यं मोजत बसतील, तेवढाच विरंगुळा.

सभेची तारीखही हातानं टाईप करू नका, यादीतूनच आणा. एक्सेलमधली ९ ऑगस्ट वर्डमध्ये बहुधा अमेरिकन पद्धतीनं ८/९ होऊन उतरते. ऑल्ट आणि एफ९ दाबून फील्डच्या, म्हणजे यादीतली माहिती जिथं उतरते त्या जागेच्या, कोडात दिवस-महिन्याचा साचा घालता येतो म्हणे. कशाला? ९ ऑगस्टला कुणी फिरकलं नाही तर गणसंख्येअभावी सभा तहकूब होईल, अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी भरेल, आणि मग कोरमचं बंधन नाही. चहा-भडंगाचा खर्चही वाचला. सभासद ८ सप्टेंबरला येऊन कुलूप बघतील.

मजकुरात 'सोबत अहवाल जोडला आहे' हे हवंच. वर्डच्या मर्जमधून अटॅचमेंट जात नाही, पण तसाही अहवाल कोण वाचतो?

'प्रिव्ह्यू रिझल्ट्स'मध्ये चेअरमनसाहेबांचं नाव तेवढं शोधून तपासा. कुणी शहाणा सांगेल, वर्ड ज्यातून मेल धाडतं ते आउटलुक आधी 'वर्क ऑफलाइन' करा, मेल आउटबॉक्समध्ये थांबतील, चार उघडून बघा. त्याला बढती मिळालेली नाही, हे लक्षात घ्या. तुम्ही 'फिनिश अँड मर्ज'मध्ये जाऊन थेट 'ऑल' निवडा. संस्थेचा ईमेल मोफत जीमेलचा असेल तर दिवसाला साधारण ५०० जणांवर गाडी अडते. उरलेल्यांना तोंडी निरोप द्या. त्यांना तारीख तरी बरोबर कळेल.

इतिवृत्तात 'डिजिटल नोटीस काढल्याबद्दल संचालक मंडळाच्या अभिनंदनाचा ठराव एकमतानं मंजूर' हे विसरू नका. सूचक आणि अनुमोदक म्हणून यादीतली कुठलीही दोन नावं घाला, फक्त मागं 'कै.' नाही ना, एवढं बघून घ्या.