परागकण दिसले म्हणजे मध शुद्ध? नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर मधाबद्दलचा एक मजकूर पुन्हा फिरतोय: पाण्यात तळाशी बसतो तो खरा मध, गोठला तर साखरेची भेसळ, आणि सूक्ष्मदर्शकाखाली परागकण दिसले की मध शंभर टक्के शुद्ध. तिन्ही दावे चुकीचे आहेत.

साखरेचा दाट पाकही तळाशीच बसतो. आणि ज्यात ग्लुकोज जास्त, तो मध थंडीत रवाळ होणारच. मोहरीचा मध तर काही आठवड्यांतच घट्ट होतो.

तिसरा दावा शास्त्रीय वाटतो, म्हणून जास्त फसवतो. परागकण फूल आणि प्रदेश सांगतात, साखर मोजत नाहीत. पाकात थोडा खरा मध मिसळला की परागकण आलेच. आग्या मोहळाचं पोळं पिळून मध काढला तर परागाने भरलेली घरंही चिरडली जातात आणि कण भरमसाट दिसतात; सातेरीच्या (पेटीत पाळतात त्या मधमाशीच्या) पेटीतला मध यंत्राने काढला तर बरेच कमी. अतिसूक्ष्म गाळणीतून गेलेल्या मधात ते जवळजवळ नसतातच, मग त्यात भेसळ असो वा नसो.

तपासणी अशी होते. बाटली आधी नीट ढवळायची, कारण कण मधापेक्षा हलके असल्याने वर जमतात. 10 ग्रॅम मध 20 मिली कोमट पाण्यात विरघळवून सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) 10 मिनिटं फिरवायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, नवं पाणी घालून पुन्हा फिरवायचा. दुसरी फेरी टाळली तर साखर मागे राहते आणि काचपट्टीवरचा थर चिकट राहतो, वाळत नाही. गाळ वाळला की त्यावर ग्लिसरीन जेली (कण काचपट्टीवर पक्के बसवणारा पदार्थ), वर आवरणकाच, आणि किमान 300 कणांची मोजणी. गवताचा पराग वाऱ्याने येतो, गवताच्या फुलांत मकरंद नसतो. तो हिशेबातून वगळावा लागतो.

एका वनस्पतीचे कण 45 टक्क्यांहून जास्त असले तर सहसा मध तिच्या नावाने ओळखतात. पण लिंबूवर्गीय झाडांचा पराग मधात मुळातच कमी उतरतो. त्यांना हीच अट लावली तर अस्सल मधही नापास होईल. जांभूळ आणि निलगिरी एकाच कुळातली, दोन्हींचे कण लहान आणि त्रिकोणी. त्या-त्या फुलांपासून बनवलेल्या संदर्भ काचपट्ट्या शेजारी नसतील तर गफलत ठरलेलीच.

तेव्हा लेबलवर ‘जांभूळ मध’ लिहिलं असेल तर परागकणांचा अहवाल मागा. साखरेची शंका असेल तर कार्बन समस्थानिकांची (कार्बनच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) चाचणी हवी, ती ऊस आणि मक्याची साखर पकडते. तांदळाचा पाक तिच्यातूनही निसटतो. त्यासाठी एनएमआर (अणूंच्या चुंबकीय गुणांवरून घटक ओळखणारी) चाचणी करावी लागते.