तेरा दिवस कशाला, असं विचारणाऱ्यांना

काकू गेल्या आणि आमच्या घरच्या ग्रुपवर आतेभावानं लिहिलं, 'दहावा-तेरावा तिसऱ्या दिवशीच उरकून टाकू. इतका वेळ कुणाला आहे? ज्याला त्रास होतोय त्यानं समुपदेशकाकडे जावं.' खाली भराभर अंगठे उमटले. तेव्हापासून मला झोप नाही.

मी कर्मकांडाची बाजू घेत नाही. नको असेल तर सोडा. सत्यशोधकांनी भटजींशिवाय सगळं केलंच की. पण त्या दिवसांत माणसं येऊन बसतात, ते का तोडायचं? अण्णा गेले तेव्हा वाईला शेजारचे काका रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. बोलायचे काहीच नाहीत. समोरच्या घरातून पिठलं-भात यायचा. आई येईल त्याला एकच गोष्ट पहिल्यापासून सांगायची, शेवटच्या रात्री अण्णांनी पाणी मागितल्याची. सांगताना ती पहिल्यांदा रडली ती चौथ्या दिवशी. तिसऱ्याच दिवशी उरकलं असतं तर?

इथे जर्मनीत, श्टुटगार्टला वडील वारल्याची रजा मिळाली दोन दिवस. टेबलावर सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड होतं, नंतर कुणी विषय काढला नाही. पण हीच माणसं नोव्हेंबरात टोटेनझोनटागला, प्रशियाच्या राजानं १८१६ मध्ये नेमून दिलेल्या मृतांच्या रविवारी, वाल्डफ्रीडहोफ दफनभूमीत कबरीवरची पानं झाडून दिवा लावतात. त्यांनाही एक दिवस ठरवून ठेवावा लागलाच.

समुपदेशकाकडे मीही गेले, तीन महिने नंबर लावून. उपयोग झाला. पण तिथे पन्नास मिनिटं मीच बोलायचं. ओट्यावर गप्प बसता येत होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं रेंगाळलेल्या शोकाला आजारांच्या यादीत घेतलंय, तरी सहा महिन्यांच्या आत त्याला आजार म्हणत नाहीत. डॉक्टर सहा महिने थांबतात आणि आपण घरच्यांना तीन दिवस देणार?

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. आतेभावाचं एका ओळीत उत्तर आलं, 'ताई, तू सहाव्या दिवशी विमानात बसलीस.'

बसले. लग्न झालेल्या मुलीला सुतक तीन दिवसांचं, कंपनीची रजा दोन दिवसांची. त्यापुढच्या दिवसांसाठी मी कुणाशी भांडले नाही. ऑफिसात विचारलं तर 'ठीक आहे' म्हणत राहिले.

दहाव्याला इथे पहाटेचे साडेपाच वाजले होते. भावानं घाटावर पिंडासमोर फोन धरला. कावळे होते, शिवत नव्हते. कुणीतरी म्हणालं, लेकीत जीव अडकलाय, तिला बोलू दे. 'ताई, परत येते म्हणून सांग त्यांना.' अण्णा दर रविवारी फोनवर हेच विचारायचे आणि मी 'बघू' म्हणायचे. त्या पहाटे तेवढंही तोंडातून निघेना. भावानं बराच वेळ फोन तसाच धरून ठेवला. मग भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.